सासऱ्यांच्या रिळावर संगमरवर

रिळावर संगमरवर उतरवायच्या कामात लुइझियानाच्या अख्ख्या किनाऱ्यावर माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. रीळ म्हणजे मासेमारीच्या काठीला लावतात ते दोर गुंडाळायचं चाक. दुकानातून येतं तेव्हा काळं नाहीतर चंदेरी, सगळ्यांचं सारखंच. माझ्याकडे आठ दिवस राहिलं की त्याच्या अंगावर अशा शिरा फिरलेल्या असतात, की बघणाऱ्याला वाटावं हे खाणीतून काढलंय. कृती सोपी आहे. रिळाचे भाग सुटे करायचे, बादलीभर पाण्यावर रंगाचे थेंब सोडायचे, काडी एकदाच फिरवायची आणि धातूची कवचं हळूच बुडवून काढायची. पाण्यावरची नक्षी कवचाला चिकटते. पुन्हा तशीच कधी येत नाही, यातच सगळी मजा.

माझे सासरे, कॅप्टन आल्सिड टेरेबॉन, चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना खोल समुद्रात मासेमारीला नेतायत. दर जुलैत आमच्या गावात टारपनची स्पर्धा होते. टारपन म्हणजे माणसाएवढा, चांदीच्या खवल्यांचा मासा. त्या दिवशी कॅप्टनच्या बोटीवर तीनच माणसं असतात: सुकाणूवर ते स्वतः, काठीवर त्यांची मुलगी इव्हेट, म्हणजे माझी बायको, आणि हाताखाली नोलन. लग्नाला नऊ वर्षं झाली, आणि नऊही स्पर्धा मी धक्क्यावर उभं राहून बर्फाची पेटी सांभाळत बघितल्या. यंदा नोलनने शिडीवरून पडून पाय मोडला. कॅप्टननी माझ्याकडे बघितलं, मग आजूबाजूला बघितलं, दुसरं कोणी नाही याची खात्री केली आणि म्हणाले, "शनिवारी पहाटे पाचला ये. आणि माझं रीळ काठीसकट घेऊन जा, तेलपाणी कर."

मला भरून आलं. नऊ वर्षांनी मला त्या बोटीवर जागा मिळाली होती. नुसत्या तेलपाण्यावर भागवणं मला कृतघ्नपणाचं वाटलं. आमच्या चर्चच्या वेदीला आहे तसा दुधी संगमरवर, त्यात कॉफीच्या रंगाच्या शिरा, असं काहीतरी करून सासऱ्यांना चकित करायचं मी ठरवलं.

"पपांच्या रिळाला रंग लावू नकोस," इव्हेट म्हणाली. "ते आईने त्यांना लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दिलंय."

"म्हणूनच तर लावतोय," मी म्हणालो.

गुरुवारी संध्याकाळी कवचं बादलीतून बाहेर आली तेव्हा मी दोन मिनिटं नुसता बघत राहिलो. इतकं देखणं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. वरून पारदर्शक लेप दिला. लेपाचा डबा दोन वर्षांपूर्वीचा होता, पण लेपाला काय होतंय, असं म्हणून मी झोपायला गेलो.

शुक्रवारी सकाळी गॅरेजचा दरवाजा उघडला आणि उंबऱ्यातच थिजलो. जुना लेप वाळता वाळता पिवळा पडला होता. दुधी रंगाचा झाला होता पिवळाधमक, आणि माझ्या नाजूक शिरा आकसून त्यांचे तपकिरी डाग झाले होते. मागून इव्हेट कॉफीचा मग घेऊन आली. तिने कवचांकडे बघितलं आणि उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसली.

"रस्टी, हे केळं आहे."

"संगमरवर आहे."

"पिकलेलं केळं आहे. आज खाल्लं नाही तर उद्या टाकून द्यावं लागेल असलं."

तुम्ही म्हणाल, असेना का केळं. पण आमच्या किनाऱ्यावर बोटीत केळं नेत नाहीत. केळं चढलं की मासा लागत नाही, इंजिन बंद पडतं, माणसं आजारी पडतात. का, ते कोणालाच माहीत नाही, आणि विचारायचंही नसतं. आमचे कॅप्टन तर यात सगळ्यांच्या वरताण. अटलांटाच्या एका डॉक्टरच्या डब्यात एकदा केळ्याचा केक निघाला, तेव्हा त्यांनी बारा मैलांवरून बोट मागे फिरवली आणि डॉक्टरला केकसकट धक्क्यावर उतरवलं. एका बाईंच्या उन्हाच्या क्रीमला केळ्याचा वास येत होता, त्यांना भांड्याच्या साबणाने दोनदा हात धुवायला लावले. अशा माणसाच्या लाडक्या रिळाचं मी केळं केलं होतं.

रंग खरवडून काढायला दोन दिवस लागतात. कॅप्टन तर दुपारीच रीळ बघायला येणार होते. म्हणून मी एक कवच पातळ निळ्या रंगात पुन्हा बुडवलं. समुद्राची लाट दिसेल असा माझा अंदाज. पिवळ्यावर निळा चढला की काय होतं, हे पहिलीतल्या पोरालाही सांगता येतं. मला बादलीतून हात बाहेर काढल्यावर कळलं.

"एक बाजू पिकलेली, एक कच्ची," इव्हेट म्हणाली. "मला यात ओढू नकोस. पपांनी विचारलं तर मी तुला ओळखत नाही."

मी रीळ जोडलं, काठीला बसवलं आणि त्यावर काळी रबरी खोळ चढवून गच्च बांधली. दुपारी कॅप्टन आले.

"खोळ कशाला?"

"तेल मुरतंय, कॅप्टन. समुद्रात जाईपर्यंत काढायची नाही."

त्यांनी रीळ हातात तोललं आणि मान डोलावली. "बघ इव्हेट, तुझ्या नवऱ्याला अक्कल आहे. मी इतकी वर्षं उगाच 'नाही' म्हणत होतो." नऊ वर्षांतलं हे पहिलं कौतुक होतं, आणि ते ऐकताना मला घाम फुटला.

शनिवारी पहाटे धक्क्यावर पाहतो तर माझ्या तेलाची कीर्ती माझ्या आधी पोहोचलेली. कॅप्टन एका हातात बुदँ सॉसेज आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन सगळ्यांना सांगत होते, "जावयाने तेल मुरवलंय." तीन कप्तान मला कोपऱ्यात घेऊन कुठलं तेल विचारायला लागले. मी तोंडाला आलं ते सांगितलं, "एरंडेल." त्यातला एक तसाच पळत घरी गेला.

माझा बेत पक्का होता. मासा लागेपर्यंत खोळ काढायचीच नाही, आणि मासा लागल्याच्या गडबडीत रंग कोण बघतंय? या बेताला एकच भोक होतं. रिळाला ब्रेक असतो. मासा पळाला की दोर किती ताठ सुटावा, ते त्यावर ठरतं. तो कॅप्टन स्वतःच्या हाताने लावतात, त्याशिवाय गळ पाण्यात जात नाही. आणि ब्रेक खोळीच्या आत होता. हे मला बोट अठरा मैल आत गेल्यावर आठवलं, तोवर त्यांनी गाठ सोडलीसुद्धा होती.

खोळ निघाली. कॅप्टननी पिवळी बाजू बघितली, मग सावकाश रीळ फिरवून हिरवी बाजू बघितली.

"दोन्ही?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"संगमरवर आहे," मी म्हणालो.

"इव्हेट, तुला माहीत होतं?"

"मी या माणसाला ओळखत नाही, पपा."

कॅप्टननी टोपी काढली, पुन्हा घातली. "परत जायला वेळ नाही. रीळ समुद्रात फेकता येत नाही, ते तुझ्या सासूने दिलंय आणि मला घरी जायचंय. पण बोटीवरून काहीतरी उतरवायलाच हवं." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, बर्फाच्या पेटीबद्दल बोलतायत.

अर्ध्या मैलावर त्यांच्या चुलतभावाचा, एल्मोचा, कोळंबीचा ट्रॉलर चालला होता. कॅप्टननी वायरलेस उचलला. "एल्मो, माणूस हवाय का?"

"काम करतो का?"

"नाही."

"बरं, पाठव."

मी बायकोकडे बघितलं. "लाइफजॅकेट घट्ट बांध," ती म्हणाली. एवढंच.

ट्रॉलरवर मी गुडघाभर कोळंबीत बसून लहान-मोठी निवडत होतो. बोटांना काटे टोचत होते आणि रडू आवरत नव्हतं. सव्वा तासाने एल्मोच्या वायरलेसवर गलका झाला. आल्सिड टेरेबॉनच्या बोटीवर टारपन. काठीवर इव्हेट. एकशे एक्याऐंशी पौंड. मी उडी मारली आणि निवडलेली टोपली पुन्हा न निवडलेल्या ढिगात सांडली. माझ्या रिळाने स्पर्धा मारली होती. आता मला बोटीवरून कोण उतरवणार होतं?

संध्याकाळी धक्क्यावर तो मासा टांगलेला होता आणि भोवती सगळं गाव. कॅप्टन रीळ छातीशी धरून उभे होते. मला बघताच पुढे आले आणि मी कोळंबीने घमघमत असताना त्यांनी मला मिठी मारली.

"पोरा, मी चुकलो. चाळीस वर्षं चुकत होतो. केळ्यात काही वाईट नाही."

मी त्यांना आणखी घट्ट धरलं. "म्हणजे पुढच्या वर्षी—"

"पुढच्या वर्षी हेच रीळ. अरे, सकाळी बोटीवर केळंही होतं आणि तूही होतास, तेव्हा एक मासा फिरकला नाही. तू उतरलास, केळं राहिलं, आणि हा बघ. आपण उगाच त्या बिचाऱ्या केळ्याला दोष देत होतो."

"कॅप्टन, तेव्हा गळ पाण्यात गेलाच नव्हता," मी म्हणालो, पण टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेलं नाही.

आता सोळा कप्तानांनी माझ्याकडून रिळांची केळी करून घेतली आहेत. सासऱ्यांच्या बोटीवर गिऱ्हाइकं खुशाल केळी सोलून खातात. कॅप्टन नवीन माणसाला चढू देण्याआधी हात आडवा धरून फक्त एकच गोष्ट विचारतात, "माझा जावई तुमच्याबरोबर नाही ना?"