हापिसाला मानवणारी माणसं

मुलाखतीला आलेला उमेदवार जिना चढत असतानाच मामा त्याचा निकाल सांगायचे. नुसत्या पावलांच्या आवाजावरून. चहाचा ट्रे पुसता पुसता कान टवकारायचे आणि म्हणायचे, "नाय मानवणार हा हापिसाला."

कुणाला दूध मानवत नाही, कुणाला वांगं. तशी आमच्या ऑफिसला काही माणसं मानवत नाहीत, असं मामांचं ठाम मत. कॉलेज रोडवरच्या आमच्या वकिली फर्ममध्ये ते शिपाई होते, पण इस्त्री अशी कडक की नवे अशील त्यांनाच आधी नमस्कार करायचे.

"माझ्या वेळी काय म्हणाला होतात?" मी एकदा विचारलं.

"तुम्ही जिन्यात मोबाईलवर आईशी भांडत होता. इंग्लिशमधी. म्हटलं, हे आलेच."

मामांचा अंदाज सहसा चुकायचा नाही. मनमाडहून आलेल्या एका मुलानं चहा बशीत ओतला. मामा बाहेर येऊन पुटपुटले, "गेला." मुलगा विद्यापीठात दुसरा आलेला. आमचे मोठे साहेब त्याला विचारत होते, सुट्टीत कुठे फिरायला जाता? तो म्हणाला, "गावी." साहेबांनी कागदावर लिहिलं : हुशार आहे, पण आपल्यात रुळेल का? मुलगा गेल्यावर मी मामांना टाळी दिली. त्या टाळीची आज लाज वाटते.

निवड झाली की मामा माझ्या केबिनमध्ये यायचे. "हिला कशावरून घेतलं? बुटांवरून का बोलण्यावरून? कप कुठल्या हातात धरला होता?" मला वाटायचं, चौकशीची खोड. मीही रंगवून सांगायचो.

गेल्या वर्षी एका जागेसाठी शेवटच्या फेरीत एक मुलगी आली. अनिता गांगुर्डे. त्या दिवशी मामांनी पावलं ऐकून काहीच सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आज कान दुखतोय."

मुलगी उत्तम बोलत होती. साहेबांनी कराराच्या एका कलमात तिला अडकवायला पाहिलं, तर तिनं त्यांनाच त्यातली मेख दाखवली. साहेब खूश. सुट्टीत काय करता, तर पोहते म्हणाली. माझ्या मनात निकाल लागलाच होता.

इतक्यात मामा चहा घेऊन आले. आणि ती उठून उभी राहिली.

"बसा हो," साहेब हसले. "आमचे मामा आहेत ते."

"हो सर. माझे वडील आहेत."

ट्रे टेबलावर टेकला. मामांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. साहेबांना म्हणाले, "मॅडमचा कायतरी गैरसमज होतोय."

"अण्णा," ती म्हणाली. एवढंच.

साहेबांनी तिचा अर्ज पुन्हा उघडला. अनिता सोमनाथ गांगुर्डे. अकरा वर्षं मी ज्यांच्या हातचा चहा प्यायलो, त्यांचं आडनाव मला त्या कागदावरून कळलं. मामा मान खाली घालून उभे होते. चहा कुणीच घेतला नाही. शेवटी साहेब म्हणाले, "ठीक आहे. कळवू."

कळवू म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मी जिन्यात तिला गाठलं.  "सर, दोन वर्षं अण्णा मला घरी चहा प्यायला शिकवतायत. आवाज न करता. मुलाखत देऊन गेलेल्या प्रत्येकाचं काय चुकलं, काय आवडलं, रोज येऊन सांगायचे. पोहणं त्यांनीच लावलं. आज म्हणाले, सगळं जमेल, फक्त मला ओळख दाखवू नको."

मी परत जाऊन साहेबांशी वाद घातला. ते चिडले नाहीत. "पोरगी हुशारच आहे. पण अशिलांसमोर बाप चहा देतोय आणि मुलगी फाईल वाचतेय, सगळेच अवघडून जातील. तूच सांग, अवघडशील की नाही?"

मी लगेच नाही म्हणायला हवं होतं. मला वेळ लागला. तेवढा वेळ त्यांना पुरला.

दुसऱ्या दिवशी मामांनी माझ्यापुढे राजीनामा ठेवला. "मी गेलो तर घेतील का तिला?"

तो कागद साहेबांपर्यंत पोचलाच नाही. अनितालाच सुगावा लागला. तिनं मला फोन केला, "फाडून टाका सर. त्यांना उठवून मला तिथं बसायचं नाही." महिन्याभरात ती जिल्हा कोर्टात एका वकील बाईंच्या हाताखाली कामाला लागली.

मामा अजून आमच्याकडेच आहेत. आता जिन्यात पावलं वाजली, तर ते नळ मोठा सोडून कपबशा धुवायला घेतात.

मागच्या बुधवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी मी कोर्टात गेलो, तर एका कोर्टरूमच्या दाराबाहेर, भिंतीला चिकटून, मामा उभे. आत अनिता बोलायला उठली होती.

"आत चला की."

"नको. तिला सांगितलं नाय मी आल्याचं." त्यांनी माझी बाही धरली. "इथनं ऐकू येत नाय, साहेब. काय म्हणतीय ती?"

मी दारात जाऊन कान दिला. विशेष काही नव्हतं. समोरचे वकील आले नव्हते.

"पुढची तारीख मागतेय, मामा."

"हां." त्यांनी दाराकडे मान वळवली. "कशी मागतीय?"

"छान मागतेय."