टिटवीच्या अंड्यांचं स्थलांतर

जगात दोनच प्रकारचे गुन्हेगार असतात, असं आमचे हे, वीरधवल, सांगतात: पकडले गेलेले आणि त्यांच्या नजरेला अजून न पडलेले. आजवरचे सगळे दुसऱ्या प्रकारात मोडतात. हे एरवी कुपवाडला लेथ मशीन चालवतात, सुट्टीला गुप्तहेर असतात. मी सहायक. भिंग माझ्याकडे असतं, कारण आमच्या तान्ह्या प्रांजलला दात येताहेत आणि तिला त्याची मूठ चावायला आवडते.

त्या रविवारी सासूबाई नातीला बघायला कवठे महांकाळहून आल्या होत्या. त्यांना सार्वजनिक गोल्फ मैदान दाखवायला नेलं. तिथं वाळूच्या एका खड्ड्यात टिटवीनं अंडी घातली होती. भोवती दोरी, पाटी आणि राखणीला केरूमामा. खेळणारेसुद्धा वळसा घालून जायचे. सासूबाईंना नातीजवळ बसवून आम्ही नवराबायको चहा घेऊन परततोय, तोच केरूमामा धापा टाकत आले.

"अंडी गायब! जरा पानी प्यायला गेल्तो. कुनीतरी सायबास्नी फोन बी केला. आता मला घरी बसवत्यात बघा!"

वर टिटवी घिरट्या घालत नुसती आकांत करत होती.

यांनी बाह्या सरसावल्या. "मामा, सकाळी काय खाल्लंत?"

"भाकरी आन ठेचा."

"ऑम्लेट नाही. नोंद घे," हे मला म्हणाले. "उघड आहे. चष्मा विसरलेल्या खेळाडूनं चेंडू समजून अंडी टोलवली."

"चारीच्या चारी?"

"जिद्दी माणूस." मग हे वाळूवर वाकले. "थांब! ठसे! लांबट, सपाट, बोटं नसलेला प्राणी!"

"तुमची चप्पल आहे ती."

हे शेजारच्या टेकाडावर चढले. टिटवीनं थेट यांच्या डोक्यावर झडप घातली. हे उतरले, ती लांब गेली. पुन्हा चढले, पुन्हा झडप.

"मला काहीतरी सुचवतेय ती," हे म्हणाले.

प्रांजलच्या पाळण्याजवळ कुणी धसमुसळेपणानं गेलं की मी अशीच अंगावर जाते. "पाय हलवू नका," मी ओरडले.

यांच्या टाचेमागे, वाळल्या गवतात, चारी अंडी नीट मांडलेली.

"मीच ठेवली," सासूबाई म्हणाल्या. "बयेनं खड्ड्यात घातल्याली. टिटवी खाली अंडी घालती तवा पाऊस न्हाई. आन आमाला औंदा पेरायचं हाय. म्हनून उचलून वर ठेवली."

"अगं आई! अंदाज तिनं द्यायचा असतो!"

"आजून जरा वर ठेवायची की, आक्का," केरूमामा बोलून गेले आणि मग त्यांना नोकरी आठवली.

सासूबाईंनीच अंडी ओंजळीत घेऊन होती तिथं परत ठेवली. आम्ही लांब लिंबाखाली बसलो. टिटवी उतरली. थोडं चालली, थांबली, मान तिरकी केली. मग पंख जरा फुगवून अंड्यांवर बसली.

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. "बसू द्या. पावसाचं आमी बघू. तिची लेकरं हायती ती."

"पर सायेब इचारतील की, अंडी गायब कशी झाल्ती म्हून," केरूमामा म्हणाले. "कुनाचं नाव सांगू?"

यांनी आईकडे पाहिलं. त्या नातीच्या टोपीची नाडी बांधण्यात फार गुंतल्या होत्या.

"वारा," हे गंभीरपणे म्हणाले. "सकाळपासून सोसाट्याचा वारा होता."

लिंबाचं पानही हलत नव्हतं.