एसएसडीचा कस

"रेकॉर्डिंग गेलं," वीरधवल ताटावर बसता बसता म्हणाला, आणि कृष्णातरावांच्या हातातला भाकरीचा तुकडा आमटीत पडला.

"गेलं म्हंजे? कुठं गेलं?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"डिस्कवर ते नाहीच," एवढं बोलून पोरगं मान खाली घालून जेवायला लागलं.

"नवी कोरी डिस्क! आवं, ऐकताय न्हवं? त्या सांगलीवाल्यानं फशिवलं आपल्याला!"

कृष्णातराव ऐकत होते. पण त्यांच्या डोळ्यांपुढं सांगलीवाला नव्हताच. कपाटात ठेवलेला त्यांचा काळा कसोटीचा दगड होता.

गेलेलं रेकॉर्डिंग साधंसुधं नव्हतं. पुण्यातला एक गेमिंगचा संघ नवे खेळाडू घेणार होता आणि त्यांनी प्रत्येकाकडून एका अख्ख्या सामन्याचं चित्रण मागवलं होतं. मुदत रविवारची. निवड झाली तर वीरधवल पुण्याला जाणार, नाही झाली तर सेलमला चुलत्याच्या गलाईच्या दुकानात भट्टीसमोर बसणार, असं घरात ठरलं होतं. ठरवलं होतं अर्थात कृष्णातरावांनी. विट्याची निम्मी माणसं कुठल्या ना कुठल्या परमुलखात सोनं गाळत बसलेली असतात, तसं त्यांनीही सेलमला उभं आयुष्य काढलं होतं. आपलं पोरगं मात्र खोलीत बसून खोट्या बंदुका चालवतं, याचा त्यांना मनस्वी राग होता.

पण एका दुपारी पोराला शिव्या घालायला म्हणून ते खोलीत गेले, त्याच्या पाठीमागं उभे राहिले आणि चहा गार होईपर्यंत खेळ बघत राहिले. पोराचा हात आणि डोळा बघून ते शिव्या विसरले. बाहेर आले आणि म्हणाले, "चल, काय डिस्कबिस्क पायजे ती घिऊ." बापानं एवढं म्हणणं ही त्या घरात फार मोठी गोष्ट होती.

सांगलीच्या आप्पासोंनी दुकानात सगळं नीट समजावलं होतं. संगणकातली जुनी एसएसडी गेमनंच भरलेली. तिच्यावरच गेम पळवायचा आणि तिच्यावरच त्याचं चित्रणही साठवायचं म्हणजे एका चुलीवर दोन तवे. तेव्हा रेकॉर्डिंगला वेगळी एसएसडी घ्या, मोठी घ्या, आणि नुसता डब्यावरचा वेग बघू नका. सलग तासभर लिहिताना तिचा दम टिकला पाहिजे. वीरधवलनं त्याप्रमाणे एक मोठी निवडलीसुद्धा.

कृष्णातरावांनी मात्र दोन डबे उजेडात धरले. पारदर्शक झाकणातून आतली पट्टी दिसत होती आणि पट्टीच्या टोकाला सोनेरी दात.

"ही फिक्की हाय," ते म्हणाले. "दुसरीचं पिवळं बघ. माल हितं हाय."

"पप्पा, सोनं बघून डिस्क घेत नसतात."

"सोनं बघून सगळंच घेत्यात."

गिऱ्हाइकापुढं कुणाचं काय चालतं? आप्पासोंनी निम्म्या क्षमतेची पण पिवळीधमक एसएसडी बांधून दिली.

एवढ्यावर थांबते तर ते कृष्णातराव कसले! घरी आल्यावर वीरधवल स्क्रूड्रायव्हर शोधायला गेला, आणि तेवढ्यात यांनी पट्टी बाहेर काढून कसोटीच्या दगडावर हलकेच ओढली. वाईट हेतू काही नव्हता. पिवळी वस्तू हातात आली की दगडावर ओढायची, असाच त्यांचा हात घडलेला. दगडावर केसासारखी रेघ उमटली, पट्टीच्या दातांवर ओरखडा उठला. त्यांनी ती गुपचूप डब्यात ठेवली आणि पेपर वाचायला घेतला.

आता त्याच पट्टीवरचं रेकॉर्डिंग गेलं होतं. कृष्णातरावांनी ताट बाजूला सारलं. सांगून टाकावं तर विश्वास कोण ठेवणार? पोराला सेलमला न्यायचं म्हणून बापानं मुद्दाम डिस्क खराब केली, असंच अख्खं गाव म्हणणार. गाव गेलं उडत, पण पोरगंही तेच म्हणेल, आणि तेही न बोलता. या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या सांगलीला जायाचं," विजयमालाबाईंनी फर्मावलं. "जाब इचारते त्याला."

"उद्या नको, गाडीचा ब्रेक जरा वाजतोय," कृष्णातराव म्हणाले.

"मग यष्टीनं जाऊ."

"जाऊ दे गं आई," वीरधवल पुटपुटला. "दुकानदार तरी बिचारा काय करणार?"

केवढं मन या पोराचं! कृष्णातरावांना आणखीच लाज वाटली. रात्री ते कपाटाकडं पाठ करून झोपले.

सकाळी ब्रेक वाजत असलेल्या गाडीतूनच तिघं सांगलीला गेले. तासगाव ओलांडेपर्यंत गाडीत एकट्या विजयमालाबाई बोलत होत्या आणि दोघं पुरुष दोन बाजूंची द्राक्षं बघत होते.

दुकानात शिरताच विजयमालाबाईंनी पट्टी काउंटरवर आपटली. "ही असली डिस्क दिलीसा व्हय आमाला? सामन्याचं रेकॉर्डिंग गेलं, माज्या पोराचं नशीब बुडीवलं तुमी!"

आप्पासोंनी पट्टी भिंगाखाली धरली. "वहिनी, हिच्यावर कुणीतरी घासलंय."

"आमच्या घरात कोण घासंल? तुमीच वापरल्याली, घासल्याली पट्टी गळ्यात मारली आमच्या!"

कीबोर्ड बघत असलेल्या एका गिऱ्हाइकानं तो हळूच खाली ठेवला आणि काढता पाय घेतला. आप्पासोंचा चेहरा लालबुंद झाला. "वहिनी, पोरीबाळींचा बाप आहे मी. असा धंदा करत नाही."

कृष्णातरावांना ते बघवेना.

"मी घासली," ते म्हणाले.

"काय?" विजयमालाबाई गर्रकन वळल्या.

"कसाला लावली दगडावर. सोनं बघाय." त्यांनी पोराकडं बघितलं आणि नजर लगेच पायाकडं नेली. "तुजं नुकसान करायचं मनात न्हवतं रं. तू फुडं जावंस म्हणूनच घेतली हुती. लय चुकलं माजं."

वीरधवलचा चेहरा बापापेक्षा जास्त उतरला. तो काही बोलणार, इतक्यात पट्टी संगणकाला जोडून बघत असलेले आप्पासो म्हणाले, "अहो, पण ही चालतीय की! झकास चालतीय. बाकीची सगळी रेकॉर्डिंग्ज जागेवर आहेत. तो एक सामना तेवढा नाही."

"पप्पा," वीरधवल अगदी बारीक आवाजात म्हणाला, "खेळायच्या नादात मी रेकॉर्डचं बटण दाबायलाच विसरलो होतो. आईनं डिस्कवर ढकललं, मग मला सांगता आलं नाही."

विजयमालाबाई जवळच्या स्टुलावर बसल्या. दोघांकडं आळीपाळीनं बघितलं, मग पदर सावरला आणि आप्पासोंकडं न बघता म्हणाल्या, "ती मोठी डिस्क हुती न्हवं त्या दिवशीची, ती द्या एक. आन् मगाशी बोलले ते मनावर घिऊ नका, भावजी."

आप्पासो मोठ्या मनाचे. त्यांनी तिघांना चहा पाजला, डिस्क बांधली आणि हसून बोटातली अंगठी काढली. "गलाईवाले स्वतः दुकानात आलेत तर ही बघा की. इथल्याच एका सराफाकडची."

कृष्णातरावांनी अंगठी हातात घेतली आणि वजनावरूनच ओळखलं. निम्मं तांबं. ते सख्ख्या मेव्हण्याला त्याच्याच साखरपुड्यात अंगठीतली भेसळ सांगून मोकळे झालेले गृहस्थ. पण आज या माणसापुढं आणखी काय तोंड उघडायचं?

"चांगली हाय," ते म्हणाले. सोन्याबद्दल खोटं बोलायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"वा! मग थोरलीच्या लग्नाचं सगळं सोनं तिथूनच घेतो. उद्याच जायचंय." आप्पासोंचा जीव भांड्यात पडला.

दुकानाचा जिना उतरताना वीरधवल म्हणाला, "पप्पा, रविवारच्या आत परत खेळतो. बटण दाबायला तुम्ही बसा शेजारी."

"बसतो की," ते म्हणाले. खरं तर या वाक्यानं त्यांचा ऊर भरून यायला हवा होता. पण पाय पुढं पडेनात. मधल्याच पायरीवर ते थांबले.

"आता काय ऱ्हायलं?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"तुमी गाडीत बसा. आलोच."

ते पुन्हा वर गेले, दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि खाली बघत म्हणाले, "आप्पासो, ती अंगठी जरा परत द्या बघू. मगाशी मी बी बटण दाबायचं इसरलो."