डॉक्टरकाकांचं चर्च

दर रविवारी सकाळी सात वाजता डॉक्टरकाका हॅलिफॅक्सच्या धुक्याकडे तोंड करून बोट वर करतात आणि म्हणतात, "ऐक! वाजली!" वाजलेलं काहीच नसतं. घंटा असते समुद्रापलीकडे, इंग्लंडातल्या एका टीचभर खेड्याच्या चर्चमध्ये. तिथे तेव्हा अकरा झालेले असतात.

काका आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर राहतात. कॅनडात येण्याआधी तरुणपणी ते त्या खेड्यात तीन वर्षं डॉक्टर होते, बस्स. पण अजून सगळं "आपल्या गावी" आणि "आपलं चर्च". ग्रोसरीला निघाले तरी चालतात तिथल्याच वाटेनं. "ओढा ओलांडला, की उजव्या हाताला लोहाराचं घर..." उभे असतो आम्ही पार्किंग लॉटमध्ये. धुकं इतकं दाट असतं की क्षणभर मलाही ओढा दिसतो. मग मला स्वतःचाच राग येतो.

त्या गावकऱ्यांनी गावाचा इतिहास छापायला घेतला आणि काकांनी चर्चचा भाग अंगावर घेतला. त्यांनी मराठीत सांगायचं, मी इंग्रजीत टाइप करायचं. बदल्यात बसभाडेवाढीविरुद्धच्या माझ्या आंदोलनात त्यांनी फलक धरायचा. धरला. उलटा.

"काका, दीडशे वर्षं लुबाडलं त्यांनी आपल्याला! आणि आपण त्यांच्या घंटेचे गोडवे गायचे?"

"अगं, लुबाडलं लंडनवाल्यांनी. आपल्या गावचे लोक लंडनला जायचं म्हटलं तरी दोन दिवसांचा डबा बांधतात."

ब्रेक्झिटचा निकाल लागला तेव्हा मी तावातावाने खाली गेले. काका खरोखरच चिंतेत होते. चर्चच्या मनोऱ्याचं छप्पर गळत असल्याचं पत्र आलं होतं.

मनोरा लिहून झाला, रंगीत काचा झाल्या. आवारातल्या कबरींचं प्रकरण मात्र काका पुढे ढकलत राहिले. शुक्रवारी पुस्तक छपाईला जाणार होतं. बुधवारी मी टेबलावर हात आपटला. "ज्यांच्या कबरीवर दगड नाही त्यांची नावं हवीत, म्हणून गावाकडून तीन ईमेल आल्यात. आठवत नसतील तर तसं सरळ कळवू या!"

काका खिडकीकडे वळले. "भिंतीलगत, जुन्या झाडाखाली," ते म्हणाले, "आमची मुलगी आहे. नऊ दिवसांची. आपल्यात एवढ्याशा बाळाला पुरतात ना. परक्या देशात कुठे न्यायचं, कळेना. पाद्रीबाबांनी काही विचारलं नाही. स्वतः कुदळ घेऊन आले."

"नाव काय लिहू?"

"तेच तर. बारसं झालंच नव्हतं. त्यांच्या वहीत नुसतं 'डॉक्टरांची मुलगी' आहे. आमची ही होती तोवर तिनं विषय काढू दिला नाही. आता पुस्तकातही तसंच जाणार. नाव आत्यानं ठेवायचं असतं. मला बहीण नाही. तू ठेवतेस?"

घोषणा मला मिनिटात सुचतात. याला सबंध दुपार गेली. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठ्या बाळाची आत्या कधी कुणी झालंय? शेवटी वाकून मी ते नाव काकांच्याच कानात सांगितलं. बाळाचा कान फार लांब होता.

"रेवा," त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. "टाइप कर. सावकाश. स्पेलिंग जपून हं."