तळेकरांची भिंत

तळेकरांच्या घराला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, दारंखिडक्या नव्हत्या. पण आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. आणि बाहेर म्हणजे कुठं, तर आकुर्डीच्या माळावर, जिथं सराट्यांशिवाय दुसरं पीक मी कधी पाहिलं नाही. सराटा तळपायात घुसला की माणूस शिव्याच देतो. मी दिल्या की तळेकर गंभीरपणे म्हणत, "मोहिते, घरात देव आहेत."

घर म्हणजे जमिनीवर ओढलेल्या फक्कीच्या रेघा. पाया खणायच्या आधी गवंडी पांढरी भुकटी टाकून आखणी करतो ना, तीच. बाकीच्यांची आखणी दोन दिवसांत पायाखाली जाते. तळेकरांची वर्षानुवर्षं टिकली, कारण दर रविवारी ते चिंचवडहून सायकलवर फक्कीची पिशवी अडकवून यायचे आणि पुसटलेल्या रेघा पुन्हा ओढायचे. शेजारचा प्लॉट माझा. माझ्या दोन खोल्या उभ्या राहिल्या होत्या, त्यामुळे रविवारी सकाळी खिडकीतून हा तमाशा बघणं मला भागच होतं.

पहिल्यांदा त्यांनी मला घर दाखवायला नेलं तेव्हा मी आपला सरळ आत चाललो. "हां हां हां! दारातून या, राव. रीतसर!" रीतसर हा त्यांचा लाडका शब्द. मी वळसा घालून, दोन दगडांच्या मधून गेलो. "डोकं सांभाळा, चौकट जरा ठेंगणी ठेवलीय." आणि मी वाकलो हो! भर उन्हात, मोकळ्या माळावर, अवघडून वाकलो. आमची ही खिडकीतून बघत होती. तिनं ते पुढं कित्येक वर्षं मला ऐकवलं.

तळेकर कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून होते. अंगानं काटकुळे, कॉलरचं बटण सदैव लावलेलं. राहायचे चिंचवड गावात, थोरल्या भावाच्या बिऱ्हाडात, एका खोलीत. याहून जास्त मला त्यांच्याबद्दल काही माहीत नव्हतं, कारण बोलायचे ते फक्त घराबद्दल. ही ओटी, हे माजघर, ही आतली खोली, ही न्हाणी. एकदा आले आणि स्वयंपाकघराची भिंत पायानं पुसून हातभर पुढं सरकवली. म्हणाले, "चुलीपुढं बाईमाणसाला हलायला जागा नको? आमच्याकडं भिंत पाडायला गवंडी लागत नाही, मोहिते." स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले. एरवी हसणारा माणूस नव्हे तो.

एकदा एक शेळी त्यांच्या माजघरात शिरली. तळेकरांनी तिला हाकलली, पण दारातून. ती बिचारी भिंतीतून पळायला बघायची, हे आडवे व्हायचे. ती न्हाणीतून निघू बघायची, हे तिथं. शेवटी कंटाळून ती बसली. तळेकरांनी तिला उचलून दारातून बाहेर नेली आणि आत येऊन कडी लावल्यासारखा हात केला. मी कपाळावर हात मारला.

तेव्हा पिंपरी-चिंचवडला नुकते कारखाने यायला लागले होते. आम्ही सगळे बाहेरून आलेलो. कुणी साताऱ्याकडचा, कुणी कोकणातला, कुणी पार बीडकडचा. गावातल्या भाड्याच्या खोल्यांत एकमेकांच्या उशाला पाय करून झोपणारे. कुणाच्या तरी डोक्यात आलं, सोसायटी काढू, माळ घेऊ, घरं बांधू. चार शहाणी माणसं घरासाठी एकत्र आली की काय होतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. कमिटी होते.

चेअरमन आण्णा. गावातलं जुनं खानदान, माळ त्यांचाच. त्यांनी तो सोसायटीला विकला आणि वर चेअरमनही तेच झाले. विकला असं आपण म्हणायचं. वीट आण्णांच्या पुतण्याची, वाळू मेव्हण्याची, विहीर त्यांची स्वतःची आणि तालुक्याच्या कचेरीत साडू. त्या काळी सिमेंट परवान्यावर मिळे, आणि अर्जावर चेअरमनची सही असल्याशिवाय परवाना हलत नसे. बरं, मातीत बांधीन म्हणावं तर सोसायटीचा नियम, बांधकाम पक्कंच हवं. शिवाय मुदतीत घर उभं राहिलं नाही तर प्लॉट सोसायटीकडे परत. हे सगळे नियम आम्हीच हात वर करून मंजूर केले होते, आण्णांच्या ओसरीवर बसून, आण्णांचाच चहा पीत. आपल्या गळ्यातला फास आपणच वळायचा आणि वर गाठ चांगली बसलीय म्हणून मान डोलवायची. दुसरं काय!

तळेकरांनी एकदा माझ्यावर तक्रार केली. माझ्या पाण्याच्या बंबाचा धूर त्यांच्या माजघरात जातो म्हणून. सभेत चांगला तासभर वाद झाला. नसलेल्या घरात धूर शिरू शकतो का? एकजण म्हणाला शिरू शकतो, कारण अडवायला भिंतच नाही. आण्णा पानाची पिंक टाकून म्हणाले, "धूर खरा हाय, घर खोटं हाय. सोडा इषय." सगळे पोट धरून हसले. तळेकर सभा संपल्यावर माझ्याकडेच चहाला आले. मी फुगून बसलेलो. म्हणाले, "तक्रार रीतसर होती, मोहिते. तुमच्यावर राग कुठंय?" आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग तो रविवार उजाडला. तळेकरांनी बायकोला घर दाखवायला आणलं होतं. सायकलच्या मागं बसून आली, दारातून आत गेली, सगळ्या खोल्या हिंडली आणि आतल्या खोलीत जाऊन आमच्याकडं पाठ करून बसली. मी खिडकीतून पाहिलं आणि म्हटलं, चला, वेड्याला साथ मिळाली.

तेवढ्यात आण्णा आले. बरोबर पुतण्या आणि आणखी पाचसहा माणसं. सोसायटीचा रस्ता कुठून न्यायचा ते बघायला निघाले होते. हातात छत्री, पायात करकरत्या वहाणा. समोर तळेकरांचा प्लॉट. मोकळ्या माळावरून माणूस जसा जातो तसे ते सरळ चालत आले.

"आण्णा, थांबा!" तळेकर एवढ्यांदा ओरडले की मीही दचकलो. "भिंत आहे तिथं."

आण्णांनी खाली पाहिलं, वर पाहिलं. "कुठं हाय? मला तर काय दिसत न्हाई."

"तुमच्या पायाखाली आहे. मागं व्हा आणि दारातून या. रीतसर."

आण्णा हसले. पण त्यांच्या मागचं कुणीतरी त्यांच्या आधी हसलं होतं, आणि ते हसू आण्णांवर आहे की तळेकरांवर हे कळायला मार्ग नव्हता. आण्णांचा चेहरा बदलला. "तळेकर, ही जिमीन माज्या आज्यानं नांगरलीय. मला दार दावताय व्हय?" असं म्हणून ते निघाले ते सरळ माजघरातून, आतल्या खोलीतून, न्हाणीतून पलीकडं. मागोमाग सगळी माणसं. तळेकरांची बायको धडपडून उठली आणि तोंड फिरवून उभी राहिली. लोक तिच्या अंगावरून गेले म्हणा ना. तळेकरांना इतकं चिडलेलं मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

झालं! बांधकामापुरते पैसे तळेकरांनी नुकतेच कुठं जमवले होते, आणि त्या दिवसापासून त्यांचा परवाना अडला. कधी कोटा संपला, कधी आण्णा गावाला गेले, कधी सहीचं पेन सापडेना. इकडं आण्णांच्या साडूच्या गोठ्यात सिमेंटची गव्हाण बसली. आमच्यातल्या एकानं कोंबड्यांच्या खुराड्याला गिलावा केला. म्हणजे कोंबड्यांना पक्कं घर, म्हशींना पक्कं घर, आणि तळेकर दर रविवारी फक्की ओढतायत. मी त्यांना म्हटलं, "अहो, जाऊन पाय धरा त्या माणसाचे. एक नारळ न्या." तर म्हणाले, "नारळ देवाला नेतात, मोहिते."

आम्ही कुणी काही केलं का? छे! ज्याला त्याला आण्णांकडून काहीतरी हवं होतं. कुणाला विहिरीचं पाणी, कुणाला वाळू, कुणाला पोराला कारखान्यात चिकटवायचं होतं. चोवीस घरांची सोसायटी, पण माणूस एकच, आण्णा. बाकीची आम्ही वळचणीला उभी राहिलेली मेंढरं. रागही यायचा, पण राग गिळून आण्णांना रामराम घालायचो, आणि तोही जरा लवून.

मुदत संपली. ओसरीवर सभा भरली. तळेकरांचा प्लॉट परत घेण्याचा ठराव. तो पुढं पुतण्याला मिळणार हे माळावरच्या शेळ्यांनाही ठाऊक होतं. तळेकर कोपऱ्यात बसले होते. कॉलरचं बटण लावलेलं, हात मांडीवर.

आण्णा आले ते मोठ्या मायेनं बोलायला लागले. "हे बगा, आमी काय वंगाळ न्हाई. तळेकर आपलाच मानूस हाय. मला जिमीन नको, काय नको. त्यांनी चारचौघांत माजा अपमान केला, तर चारचौघांत एवढंच म्हनावं, आण्णा, माजी चूक झाली, तितं भिंत न्हवती. बास. लगोलग सही करतो. ह्यो परवाना, ह्यो मी."

आणि खरोखरच त्यांनी कागद काढून समोर ठेवला. पेनही ठेवलं.

सगळ्यांच्या जिवात जीव आला. इतकं सोपं! "म्हणा हो तळेकर!" "म्हणून टाका, राव!" मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांची बाही ओढून कुजबुजलो, "अहो, फक्कीची रेघ ती! नव्हतीच भिंत. खरं तेच तर म्हणायचंय. म्हणा, आणि उद्यापासून खरी बांधा."

तळेकर उभे राहिले. कपाळावर घाम आला होता. कागदाकडं पाहत होते. ओठ दोनदा हलले, मला वाटलं आता म्हणणार.

"भिंत होती," ते म्हणाले आणि खाली बसले.

हात वर झाले. माझा हात खालीच राहिला, पण त्यात शौर्य कसलं? माझं घर बांधून झालं होतं. ठराव पास झाला, चहा आला, आणि तळेकर कप तसाच ठेवून उठले. ओसरीवरून उतरताना त्यांना पायरी दिसली नाही, तोल गेला. कुणी हात दिला नाही. मी द्यायला उठेपर्यंत ते सायकलवर बसले होते.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. पुतण्यानं पाया खणायला माणसं लावली. मला तळेकरांचा भयंकर संताप आला होता. एवढा हट्ट? एका शब्दासाठी घर घालवायचं? बायकोचा तरी विचार करायचा! म्हटलं, जाऊन चांगलं खडसावतो. आमच्या हिला घेतलं आणि चिंचवडला त्यांच्या बिऱ्हाडी गेलो.

तळेकर शिफ्टला गेले होते. त्यांच्या बायकोनं दार उघडलं. एकच खोली. भिंतीशी थोरल्या भावाची कॉट, मधे दोरीवर जुन्या धोतराचा पडदा, पडद्यामागं या दोघांचा संसार. आम्हाला सतरंजी टाकली. थोरले बंधू कोपऱ्यावर पान खायला गेले होते, जाऊबाई पाण्याला. बाई जरा अवघडूनच आमच्या हिच्या शेजारी टेकली. मी आपला सुरूच झालो. म्हटलं, वहिनी, तुम्ही तरी त्यांना समजवायचं. एवढंसं म्हणायचं होतं.

ती खाली बघूनच बोलली, माझ्याशी नाही, आमच्या हिच्याशी.

"ताई, लग्न होऊन आले ती या खोलीत. थोरले भाऊजी सारखे घरात. त्यांच्यासमोर बसायचं नाही, डोक्यावरचा पदर काढायचा नाही. त्या दिवशी हे मला म्हणाले, ही तुझी आतली खोली, इथं कुणी यायचं नाही, बस निवांत. मला हसू आलं. चहूकडं नुसता माळ. पण बसले. पदर काढला, पाय लांब केले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. आणि खरं सांगू ताई, फार बरं वाटलं हो. कुणाच्या घरात बसल्यासारखं नाही वाटलं. आणि मग ती सगळी माणसं आत आली."

आमच्या हिनं तिचा हात धरला.

"सभेहून आल्यावर मी यांच्या पाया पडले. म्हटलं, अजून जाऊन म्हणा भिंत नव्हती, काय होतंय? तर म्हणाले, भिंत नव्हती असं म्हटलं तर तू त्या दिवशी सात माणसांपुढं उघड्यावर पाय पसरून बसली होतीस, असं होईल. ते माझ्या तोंडून यायचं नाही."

माझी मान वर होईना. खडसावायला आलो होतो ना मी!

बाहेर खाकरल्याचा आवाज आला. ती चटकन उठली, पदर कपाळापर्यंत ओढला आणि पडद्यामागं गेली. थोरले बंधू आत आले, कॉटवर ऐसपैस बसले आणि म्हणाले, "बसा की. चहा घेऊन जा." आम्ही बसलो, पाणी घेऊन आलेल्या जाऊबाईंनी चहा ठेवला. त्यांनी पावसापाण्याच्या, महागाईच्या गप्पा काढल्या. धोतराचा पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. चहा उकळेपर्यंत आणि आमचा पिऊन होईपर्यंत, त्याच्याखाली तिची पावलं उभीच दिसत होती.