मिनिटाला तीन हजार

गाडी चालवता येणं वेगळं आणि गाडी कळणं वेगळं! आमच्या नाशिकजवळच्या मखमलाबादेत चालवणारे पैशाला पासरी मिळतील. कळणारा एकच. मी! आता हे मी स्वतःच सांगतोय हे खरं, पण दुसरं कोणी सांगायला तयारच नाही, त्याला मी काय करणार?

माझं नाव गोरक्ष. घरचा गुलाबाचा मळा, सातपूरच्या कारखान्यात स्टोअरची नोकरी आणि २००३ सालच्या संक्रांतीला घेतलेली सेकंडहँड गाडी. मुंबईच्या एका डॉक्टरांनी वापरलेली. ऑटोमॅटिक! क्लच नाही, सारखे गिअर बदलणं नाही. मला वाटलं, लोक हार घेऊन येतील. पहिल्याच दिवशी शेजारच्या सगुणाबाई आल्या. खिडकीतून आत वाकल्या. माझ्या डाव्या पायाखाली काहीच नाही हे बघून त्यांचे डोळे भरून आले.

"पायाला कधी झालं रे, बाळा?"

तेही सोसलं असतं. पण मुंबई नाक्याच्या सिग्नलवर घडलं ते सोसण्यापलीकडचं होतं. हिरवा दिवा लागला, मी पाय दाबला आणि गाडी सरकारी फायलीसारखी विचारात पडली. तेवढ्यात डावीकडून दुधाचे कॅन लटकवलेली एक लुना पुढे निघून गेली. लुना! वर त्या लुनावाल्यानं मागे वळून बघितलं. त्याच्या नजरेत राग असता तर चाललं असतं. दया होती!

त्याच संध्याकाळी मी राजकडे गेलो. राज माझा शाळेपासूनचा मित्र. कॉलेज रोडला त्याचा सायबर कॅफे. इंजिनिअरिंग त्यानं दुसऱ्या वर्षाला सोडलेलं, त्यामुळे त्याचं ज्ञान कुठल्याच परीक्षेत अडकून पडलं नव्हतं.

"टॉर्क कन्व्हर्टर!" माझं दुःख ऐकून तो म्हणाला. "दोन टेबलफॅन समोरासमोर ठेव. एक चालू कर. त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरतो की नाही? तुझ्या इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे तसेच दोन पंखे आहेत. वाऱ्याऐवजी तेल, एवढाच फरक."

"मग बिघडलंय कुठे?"

"पहिला पंखा मिनिटाला किती फेरे फिरला म्हणजे दुसरा नेट लावणार, तो आकडा म्हणजे स्टॉल स्पीड. तुझ्या कंपनीनं ठेवलाय दोन हजार. इंजिनाच्या अंगात जोर यायच्या आधीच त्याला गाडीला जुंपतात! आपण स्टॉल वाढवायचा. इंजिन आधी पिसाळू द्यायचं आणि मग सोडायचं. बाणासारखी सुटेल!"

वाढवायचा तर किती? इंटरनेटवर गाडीवेड्या अमेरिकनांचा एक अड्डा होता. राजनं तिथे प्रश्न टाकला. एका सद्गृहस्थानं उलट विचारलं, "गाडीत आणखी काय काय बदललंय? इंजिन? सायलेन्सर?"

राजनं माझ्याकडे पाहिलं.

"मागच्या काचेवर स्टिकर लावलंय," मी म्हणालो. "'आईचा आशीर्वाद'."

राजनं प्रामाणिकपणे त्याचं इंग्रजी करून टाकलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. गाडी कंपनीतून आली तशीच असेल तर कंपनीचा आकडाच बरा. फार तर दोन-चारशेनं वाढवा. जास्त केलंत तर इंजिन नुसतं ओरडेल, तेल तापेल आणि हळू चालवायची वेळ आली की रडाल.

राजनं उत्तर दोनदा वाचलं.

"हा माणूस जळतो आपल्यावर," तो म्हणाला.

तीन हजार ठरला! नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या भिकन मिस्त्रींकडे गाडी नेली. भिकन मिस्त्रींनी ट्रॅक्टरपासून बोअरच्या मोटरीपर्यंत सगळं उघडलं होतं; त्यातलं परत बंद किती झालं, हे विचारायची पद्धत नव्हती.

"मिस्त्री, तीन हजार जास्त तर नाही ना होणार?"

"शेठ, लहान आकड्यानं आजवर कोणाचं भलं झालंय?" भिकन मिस्त्री म्हणाले. त्यांनी कन्व्हर्टर काढला आणि आतल्या पंख्यांची पाती वाकवून आकडा वाढवून देणाऱ्या कुर्ल्याच्या एका कारागिराकडे धाडून दिला.

इकडे घरी मी छायाला, म्हणजे माझ्या बायकोला, जेवताना सगळं समजावून सांगितलं. तिनं ते सिन्नरला आईला फोनवर सांगितलं. "यांच्या डोक्यात नुसतं स्टॉल, स्टॉल! लहान नको, मोठाच टाकायचा म्हणतात."

आता लक्षात घ्या, सिंहस्थ जवळ आला होता. नाशकात जो तो गोदाकाठी कसला ना कसला स्टॉल टाकायच्या गोष्टी करत होता. तासाभरात सासऱ्यांचा, पुंजाराममामांचा, फोन.

"जावईबापू, स्टॉल टाकता म्हणं?"

"हो मामा!" मला भरून आलं. माझ्या गाडीत रस घेणारा घरातला हा पहिला माणूस!

"केवढ्याचा?"

"तीन हजाराचा."

"रोज तीन हजार?"

"रोज कसले मामा, मिनिटाला!"

पलीकडे काहीतरी धपकन आदळलं. बहुतेक मामाच खाटेवर बसले असावेत.

"मिनिटाला… तीन हजार?"

"कंपनीचा दोन हजार होता. तो फारच कमी पडत होता हो. काढूनच टाकलं कंपनीचं!"

"बरं केलं!" मामांचा आवाज कापत होता. "लय बरं केलं! असल्या मानसानं कंपनीत कशापायी ऱ्हायाचं!"

शेवटचं वाक्य मला काही कळलं नाही. पण सासऱ्यानं केलेलं कौतुक कळायची गरज नसते, घ्यायची असते. मी घेतलं.

आठवड्यानं सिन्नरहून निरोप आला. माझा मेहुणा ज्ञानेश याचं लग्न मे महिन्यात होतं. ज्ञानेशला घोड्याची भीती, म्हणून नवरदेवाचा परण्या, म्हणजे मंडपापर्यंतची मिरवणूक, धोंडीरामांच्या जीपमधून निघणार होती. धोंडीराम म्हणजे माझे थोरले साडू. वणीचे. त्यांची जीप गडावर भाविकांच्या खेपा करते आणि सासरच्या प्रत्येक कार्यात तिला माझ्यापेक्षा जास्त मान असतो. पण आता निरोप असा होता: नवरदेव धाकट्या जावयाच्या गाडीत बसणार! मला वाटलं, नव्या स्टॉलची कीर्ती पसरली. पसरली होतीच म्हणा.

कन्व्हर्टर बसला. अंगणात गाडी सुरू केली, पाय दाबला. इंजिन असं किंचाळलं, की ओझरचं विमान उतरतंय की काय म्हणून गल्ली आभाळाकडे बघायला लागली. गाडी जागची हलली नाही. आणखी दाबला. गाडी नुसती थरथरली, अंगात येणाऱ्या बाईसारखी. आणखी दाबला आणि पुढच्या क्षणी मी गाडीसकट गुलाबाच्या ताटव्यात होतो!

"पिकअप!" मी आतून ओरडलो.

"आधी बाहेर या," छाया म्हणाली.

लग्नाच्या दिवशी सकाळी घरच्याच गुलाबांनी गाडी सजवली आणि निघालो. सिन्नरच्या अलीकडे मोहदरी घाट लागला. माझं इंजिन गगनभेदी गर्जना करत होतं आणि कांद्याचे भरलेले ट्रक निवांत मला ओलांडून जात होते. गाडीत उग्र वास सुटला.

"काहीतरी करपतंय," छाया म्हणाली.

"ताकदीचा वास आहे तो!"

 तिनं पाण्याची बाटली उघडून हाताशी धरली.

सिन्नरला मात्र माझं असं स्वागत झालं, की विचारू नका. लोक माझ्याकडे बोट दाखवून कुजबुजत होते. मामा तर दिसेल त्याला धरून आणत. "हे आमचे धाकले जावई. मिनिटाला तीन हजार!" तो माणूस हात जोडायचा. एकानं तर भावाला कुठे चिकटवता येईल का, असंही विचारलं. मी आपला हसून मान हलवत होतो. धोंडीराम जीपला टेकून तंबाखू मळत सगळं बघत होते. त्यांचा चेहरा बघून माझं पोट जेवणाआधीच भरलं!

गोरज मुहूर्त होता. परण्या निघाला. पुढे बँड, मधे नाचणारी मंडळी, मागे माझी गाडी. गाडीत बाशिंग बांधलेला ज्ञानेश आणि मागच्या सीटवर सासूबाई. आणि त्या घटकेला एक साधी गोष्ट माझ्या लक्षात आली. परण्यात गाडी माणसाच्या चालीनं चालवायची असते!

मी हळूच पाय ठेवला. गाडी ढिम्म. थोडा दाबला. इंजिन ओरडायला लागलं, गाडी ढिम्म. बँडचं गाणं त्या आवाजात बुडून गेलं. बँडमास्तर घाम पुसत खिडकीशी आला.

"शेठ, तुमचं वाद्य जरा खालच्या पट्टीत घ्या ना!"

मागून लोक ओरडत होते, "गाडी घ्या! गाडी घ्या!" मी देवाचं नाव घेऊन पाय दाबला आणि गाडीनं उडी मारली! नाचणारी मंडळी दोन्हीकडच्या ओट्यांवर चढली. ढोलवाला ढोलासकट रसवंतीत घुसला. मी करकचून ब्रेक मारला. ज्ञानेशचं बाशिंग नाकावरून हनुवटीवर आलं, आणि सासूबाई, ज्यांनी लग्नापासून कधी माझं नाव घेतलं नव्हतं, त्या मला पहिल्यांदा "अरे गोरक्षा!" म्हणाल्या.

"दाजी," बाशिंगाच्या मागून आवाज आला, "घोडं बघा ना कुठं मिळतं का."

पुढे सगळा असाच प्रकार! गर्जना, थरथर, उडी, ब्रेक. गर्जना, थरथर, उडी, ब्रेक. गाडीच्या पुढे नाचायला कोणी धजेना. बँड तर इतका लांब गेला, की दुसऱ्याच्या लग्नाचा वाटायला लागला. आणि मग मारुतीच्या देवळापाशी गाडीखालून गिअरबॉक्सचं लालभडक तेल वाहायला लागलं.

"अगं बया!" ज्ञानेशची आत्या नवसाबाई हरखून ओरडली. "गाडीनं कुंकवाचा सडा घातला गं!"

बायकांनी गाडीवर अक्षता टाकल्या. कोणीतरी चाकापाशी नारळ फोडला. गाडीनं एक मोठा धुराचा ढग सोडला आणि प्राण सोडला.

मंडपातून लाऊडस्पीकरवर भटजींचा आवाज येत होता, "नवरदेवाला लवकर आणा! मुहूर्त टळतोय!" नवरीचे वडील स्वतः धावत आले. ज्ञानेश रडकुंडीला आला होता. मी चावी फिरवत होतो, फिरवत होतो… गाडीचं जाऊ द्या हो. माझ्या हौसेपायी एका पोराचं लग्न रस्त्यात उभं राहिलं होतं!

धोंडीराम सावकाश चालत आले. खिडकीत वाकले. म्हटलं, आता हा माणूस जन्माचं उट्टं काढणार.

"साडूभाऊ, न्यूट्रल होती का ही?"

"होते."

"मग टाका. निस्तं स्टेअरिंग धरा." आणि मागे वळून त्यांनी हाक दिली, "या रे, लावा हात!"

दहा-बारा जण लागले. गाडी हलली. हळू, अलगद, एकसारखी, पाण्यावरच्या नावेसारखी! इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही. बँड परत जवळ आला. बँडमास्तरला पहिल्यांदाच स्वतःचं गाणं ऐकू आलं. नाचणारे ओट्यांवरून खाली उतरले. म्हाताऱ्या माणसांनीही गाडीला हात लावून दोन पावलं नाचून घेतलं. फोटोवाला पुढे उलटं चालत फोटो काढू लागला. सगळे फोटो स्थिर आले! आणि मुहूर्ताला आम्ही मंडपाच्या दारात होतो.

पंगतीत मामा माझ्या शेजारी बसले.

"जावईबापू, गाडीचं जाऊ द्या. मिनिटाला तीन हजार कमावनाऱ्या मानसाला दुसरी घेता यील. पर तुमी स्टॉलवर इकनार काय, ते नाय सांगितलं."

"विकणार?" माझ्या हातातली जिलबी थांबली.

वाढायला आलेल्या छायानं कपाळाला हात लावला. "बाबा! तो स्टॉल गाडीतला! ते तीन हजार म्हणजे इंजिनाचे फेरे!"

मामांनी हातातला घास पानात ठेवला. मग म्हणाले, "म्हंजी इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे मारनार…"

"हो."

"अन् गाडी?"

"जागेवर."

"म्हंजी आपली तालुका कचेरीच की!" समोरच्या पंगतीतून धोंडीराम म्हणाले आणि अख्खी पंगत हसली. मीही हसलो. न हसून जातो कुठे!

"अन् नोकरी?" मामांनी हळूच विचारलं.

"आहे की. सोमवारी पहिल्या पाळीला जायचंय."

मामांनी सुटकेचा असा श्वास टाकला, की पुढची पत्रावळ उडाली. मग त्यांनी स्वतः माझ्या पानात जिलबी वाढली. "पर परन्या लय भारी झाला बरं का! आसा परन्या सिन्नरात कोनी पायला नाय."

गाडी टेम्पोत घालून नाशकाला आणली. भिकन मिस्त्रींनी कंपनीचा दोन हजारवाला कन्व्हर्टर मिळवून बसवला. "मी आधीच म्हटलं होतं," ते म्हणाले. काय म्हटलं होतं, ते मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर सिन्नरहून दोन पाहुणे आले. पांढरे कपडे, टोप्या, हातात पेढ्यांचा पुडा. एकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं.

"तुमच्या मेव्हन्याचा परन्या पायला व्हता आमी," ते म्हणाले. "तीच गाडी पायजे आमाला परन्याला."

मला काय वाटलं म्हणून सांगू! मी उठून त्यांना गाडीपाशी नेलं. चावी फिरवली, गाडी अंगणात पुढेमागे करून दाखवली. आवाज नाही, धूर नाही, उडी नाही. "बघा! आता एकदम ठणठणीत चालते!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांचे चेहरे पडले. मग थोरल्यानं पेढ्यांचा पुडा हळूच परत पिशवीत ठेवला.

"ऱ्हाऊ द्या मंग," तो म्हणाला. "चालनारी आमच्याकडंबी हाये!"