देशात चौथे

माझ्या धाकट्या बहिणीसाठी बेंगळुरूचं एक स्थळ आलं. मुलगा इंजिनियर, घराणं चांगलं, पत्रिकाही जुळत होती. सगळे खुशीत असताना शेजारचे किट्टण्णा कॉफीचा पेला खाली ठेवून म्हणाले, "मुलगा कुठल्या कॉलेजचा?"

वडिलांनी कॉलेज सांगितलं. किट्टण्णांचा चेहरा कोणी गेल्यासारखा झाला.

"नोडप्पा, हे बघा," ते वडिलांना म्हणाले, "मुलगी तुमची आहे. पण ते कॉलेज देशात पाचवं आहे. आणि पाचवं म्हणजे मी दयेनं ठेवलंय, होय की नाही रे वसंता?" हे शेवटचं माझ्याकडं बघून.

देशात पाचवं म्हणजे बास्केटबॉलमध्ये. किट्टण्णांना दुसरं कुठलंच 'मध्ये' ठाऊक नव्हतं. सुदैवानं माझ्या वडिलांना बास्केटबॉल म्हणजे काय हे शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून बहीण सुखानं नांदते आहे.

मैसूरच्या सरस्वतीपुरमात आमच्या घराला लागून किट्टण्णांचं घर. विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. तरुणपणी आमच्याच कॉलेजात शिकले, पण खेळले कधीच नाहीत. त्यांची उंची कॅरमला शोभणारी होती. तरी देशातल्या सगळ्या कॉलेजांचे नंबर ते स्वतः लावत. असे नंबर कुठल्याच वर्तमानपत्रात येत नसत, त्यामुळं त्यांना खोडून काढायलाही कोणी नव्हतं.

नंबर दर रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर जाहीर होत. मी शाळामास्तर. आठवडाभर पोरांचा गोंगाट ऐकून रविवारी जरा पेपर उघडावा, तर हे समोर हजर.

"पटियाळा एक नंबर खाली," ते सांगत.

"परवाच जिंकले की ते!"

"उंचीवर जिंकले. उंची देवानं दिली. तिचे मार्क देवाला."

मद्रासचं एक कॉलेज 'फार हसतात' म्हणून घसरलं होतं. केरळचं एक वर चढलं, कारण त्यांच्या कोचनं रेल्वे स्टेशनवर किट्टण्णांना वाट विचारली होती. आमचं कॉलेज मात्र कायम चौथं. पहिलं का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "आपणच नंबर लावायचे आणि आपणच पहिलं यायचं? बरं दिसतं का ते?"

आणि बेंगळुरूचं ते कॉलेज कायम आमच्या एक पायरी खाली. दरवर्षी आमच्याच मैदानावर, आमच्याच कॉलेजनं भरवलेल्या स्पर्धेच्या फायनलमध्ये, ते आम्हाला हरवून जात. त्याचा नंबरांवर काही परिणाम होत नसे. "जिंकतात रे," किट्टण्णा म्हणत, "पण शोभत नाही त्यांना."

माझ्याकडं स्कूटर होती, म्हणून फायनलला त्यांना नेणं माझ्याकडं. एका वर्षी तर त्यांनी मला आदल्या दिवशी टी. नरसीपूरला पिटाळलं. कावेरी आणि कपिलेच्या संगमाचं पाणी आणून ते बास्केटच्या रिंगवर शिंपडायचं होतं. मी शिडीवर, खाली किट्टण्णा शिडी धरून सूचना देताहेत, असं ते पुण्यकर्म झालं. तीर्थ रिंगवर थोडं आणि जमिनीवर जास्त पडलं. सामना सुरू होताच आमचाच सगळ्यात उंच खेळाडू त्यावरून घसरला आणि पाय मुरगळून बाहेर बसला.

त्या वेळी समोरच्या पायऱ्यांवरून जे हसणं आलं, ते छत्रीवाल्याचं.

छत्रीवाला म्हणजे बेंगळुरूच्या मुलांबरोबर दरवर्षी येणारा एक जाडा म्हातारा. ऊन असो नसो, हातात काळी छत्री. ती उगारून तो पलीकडून ओरडे, इकडून किट्टण्णा. सगळं कन्नडात, आणि सगळं खेळाडूंच्या डोक्यावरून. तो यांना 'मैसूरचा म्हातारा' म्हणे, हे त्याला 'छत्री'. सामना संपला की एकमेकांकडं न बघता दोघं दोन दरवाज्यांनी बाहेर जात. मला त्या दोघांचीही लाज वाटे. एकदा आमचे हेडमास्तर शेजारी बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "हे तुमचे कोण?" मी म्हटलं, "कोणी नाही. स्कूटरवर बसून आले."

मग एका वर्षी समोरची ती जागा रिकामी होती.

किट्टण्णांनी पहिल्यांदा लक्ष दिलं नाही. नंतर मान उंच करून बघायला लागले. मध्यंतरात मला म्हणाले, "जा, विचारून ये." मी वैतागून बेंगळुरूच्या मुलांकडं गेलो. "आमचे अज्जा ना?" एक मुलगा म्हणाला. "न्हाणीघरात पडले. कमरेचं हाड मोडलं. आता कुठंच जात नाहीत." घर कुठं, तेही त्यानं सांगितलं.

मी येऊन हे सांगितलं.

आणि त्याच दिवशी आम्ही जिंकलो! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पोरं नाचत होती, ढोल वाजत होता, मीसुद्धा टाळ्या पिटत होतो. किट्टण्णा गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले.

"अहो, जिंकलो!" मी ओरडलो. "वर्षानुवर्षं माझे कान खाल्लेत, आणि आता गप्प?"

"चल घरी," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी नंबर जाहीर झाले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून किट्टण्णा दारात उभे. "बेंगळुरूला जायचंय. चल." कशाला, हे विचारण्यात अर्थ नव्हता. बसमध्ये मी सगळ्या प्रकारे नाराजी दाखवली. त्यांचं लक्षच नव्हतं.

घर सापडलं. सुनेनं दार उघडलं. "कोण तुम्ही?"

किट्टण्णा गडबडले. "आम्ही... मैसूरचे," एवढंच जमलं.

आतून आवाज आला, "तो म्हातारा आला काय?"

पलंगावर छत्रीवाला पडला होता. निम्मा उरला होता, पण आवाज तोच. "जिंकलात म्हणे. मिरवायला आलास?"

"ती मॅच आम्ही धरलेली नाही," किट्टण्णा म्हणाले.

"का?"

"समोर कोणी नव्हतं."

सून कॉफी घेऊन आली होती, ती दारातच थांबली. मी कुठं बघावं ते मला समजेना.

मग छत्रीवाल्यानं विचारलं, "तुझं नाव काय रे?"

"कृष्णराव. किट्टण्णा म्हणतात."

"मी शेषाद्री. घरी कोण असतं तुझ्या?"

"कोणी नाही."

"मग जेवूनच जा," शेषाद्री म्हणाले. "आणि नीट सांग बघू. पहिली बास्केट कोणी टाकली?"

"तुमच्याच पोरानं," किट्टण्णा म्हणाले, "आणि काय सुरेख टाकली म्हणून सांगू!" त्या कॉलेजाबद्दल एवढं चांगलं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि सामना पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.